सातव्या रकान्यातली विमलाबाई

पिंपळमळा स्टेशनला किती पायऱ्या आहेत, असं कुणी विचारलं तर रोज ये-जा करणारा माणूसही विचारात पडायचा. कुणी दहा म्हणायचं, कुणी वीस. भीमराव ओव्हाळांना मात्र नक्की ठाऊक होतं. चौदा. प्रत्येक पायरी साडेसहा इंच, फक्त नववी सात. नववी सात का, याचा छडा त्यांना कधीच लागला नाही. कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस तो. अर्ध्या इंचाचा फरक दिसला की त्यांना जेवण गोड लागत नसे.

हे मोजमाप त्यांनी हौसेनं केलं नव्हतं. घरात एक खुर्ची आली होती, चाकांची. चैताली म्हणजे त्यांची मुलगी. तिला संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिनं आईसाठी ती आणली. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा मुलगी संगणकात आहे म्हटलं की शेजारी बिघडलेला टीव्ही घेऊन यायचे, आणि चैतालीही बिचारी पाठीमागची वायर हलवून बघायची. वायर हलवल्यावर टीव्ही चालूही व्हायचा, त्यामुळे कंपनीपेक्षा विश्रांतवाडीत तिचं नाव जास्त झालं होतं.

विमलाबाईंचा डावा पाय साखरेनं नेला होता, गुडघ्याखालून. त्याला तीन वर्षं झाली होती. पायाबद्दल त्या फार बोलत नसत. बोलत ते देहूरोडच्या गाडीबद्दल. चोपन्न साली पंचवीस डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा नऊ वर्षांची विमल वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं होती. त्यानंतर एकही पंचवीस डिसेंबर चुकला नव्हता. लग्न झाल्यावरही नाही, चैताली पोटात असतानाही नाही. वस्तीतल्या दहा-बारा बायका मिळून लोकलच्या बायकांच्या डब्यात चढायच्या. पांढरी लुगडी, फडक्यात भाकरी, खर्डा, आणि कुणीतरी एकीनं सूर धरला की लोणावळ्याकडे जाणारी अख्खी गाडी ऐकायची. निम्म्या वाटेत कुणाचं तरी कुणाशी भांडण व्हायचं आणि देहूरोड यायच्या आत मिटायचं. मिटवायचं काम विमलाबाईंकडे असे.

आता तीन डिसेंबर कोरडे गेले होते.

तोडगे सुचवणाऱ्यांची उणीव नव्हती. एकजण म्हणाला, रिक्षा करा. दुसऱ्यानं आपल्या मेव्हण्याची मारुती देऊ केली. मित्रमंडळाचे प्रमुख धोंडिबा रोकडे छाती काढून म्हणाले, "ताई, माझी चार पोरं खुर्चीसकट उचलून अल्लाद फलाटावर ठेवतील. कळणारसुद्धा नाही."

विमलाबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेल्यावर चौघं उचलतीलच, धोंडिबा. तेव्हा मी काही बोलणार नाही. तोवर बोलणार."

"मग मारुती तरी?"

"मारुतीतून मी एकटी जाऊन बसू तिकडं? गाणं कुणाबरोबर म्हणू, ड्रायव्हरबरोबर? बायकांच्या डब्यातून जायचं असेल तर सांगा. नाहीतर शेंगा सोला."

धोंडिबांनी थोड्या शेंगा सोलल्या आणि गेले.

म्हणजे प्रश्न चौदा पायऱ्यांचा होता. आणि एका रविवारी चैतालीनं त्याचं उत्तर घरी आणलं. तेव्हा कॅम्पात नव्यानं सायबर कॅफे निघाले होते. पडदे लावलेल्या खोलीत तासावर संगणक भाड्यानं मिळायचा आणि एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मधे चहा व्हायचा. तिथून तिनं एक कायदा छापून आणला. पंच्याण्णव साली संसदेनं केलेला, अपंग व्यक्तींना समान संधी आणि हक्कांचं संरक्षण देणारा. ती एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. सार्वजनिक इमारतींना उतार करावेत, रेल्वेच्या डब्यांत सहज चढता यावं अशी सोय करावी. भीमरावांच्या हातातला चहा निवला.

"म्हणजे हा कायदा होऊन तीन वर्षं झाली?"

"हो."

"आणि स्टेशन मास्तरला ठाऊक नाही?"

कायदा आहे म्हणजे तो पाळला जाणारच, फक्त संबंधितांना कळायचं राहिलं असणार, असा भीमरावांचा सरळ हिशेब. कारखान्यात भिंतीवर सूचना लागली की दुसऱ्या पाळीपासून अंमल व्हायचा. तेव्हा मास्तरला जाऊन सांगायचं, एक अर्ज द्यायचा, दिवाळीपर्यंत उतार होईल, डिसेंबरात विमल गाडीत. इतकं साधं काम.

अर्ज म्हटल्यावर श्यामसुंदररावांकडे जाणं आलं. हे शेजारच्या सोसायटीत राहणारे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या दारावर पाटी होती, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' भीमरावांनी एकदाच वाजवली आणि सात मिनिटं उभे राहिले.

"उतार हवा," श्यामसुंदरराव सगळं ऐकून म्हणाले. "ठीक. पण ओव्हाळ, तुम्ही 'उतार हवा' असं लिहाल तर सरकार काय समजेल? की याला उतार हवाय. समजलं, फाइल बंद. आपण लिहायचं, 'उपरोक्त विषयास अनुसरून संदर्भांकित तरतुदींकडे आपले सन्माननीय लक्ष सविनय वेधण्यात येते.'"

"याचा अर्थ काय?"

"अर्थ नाही. वजन आहे."

अर्ज साडेतीन पानांचा झाला. त्यात विमलाबाईंचा उल्लेख तिसऱ्या पानावर, तोही 'सदर महिला' असा. भीमरावांनी त्याला स्वतःच्या हातानं काढलेला आराखडा जोडला. कायद्याबरोबर चैतालीला आणखी एक कागद मिळाला होता, की एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे जितके इंच चढ, तितके फूट उतार. पायऱ्या साडेएक्याण्णव इंच, म्हणून उतार साडेएक्याण्णव फूट. हा मेळ बघून त्यांना इतका आनंद झाला की दोन दिवस ते भेटेल त्याला इंचाचे फूट करून सांगत होते. विश्रांतवाडीत त्या आठवड्यात लोक त्यांना बघून रस्ता ओलांडायचे.

स्टेशन मास्तर मात्र भला माणूस निघाला. त्यानं अर्ज पूर्ण वाचला, जे यापूर्वी कुणीच केलं नव्हतं, श्यामसुंदररावांनीसुद्धा. मग कायद्याची प्रत मागून घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ओव्हाळसाहेब, इथं काय लिहिलंय? 'आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत.' म्हणजे कुवत असेल तर करायचं."

"बरं. मग कुवत कधी येणार?"

"ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात हिरवा झेंडा आणि लाल झेंडा. तुम्ही वर लिहा."

भीमरावांनी वर लिहिलं. वरच्यांनी बाजूला पाठवलं. बाजूचा म्हणाला, पायऱ्या स्थापत्याकडे येतात पण पायऱ्यांखालची जमीन मालमत्तेकडे. मालमत्तेचा म्हणाला, जमीन आमची पण तिच्यावर काही बांधलेलं असेल तर आम्हाला ती दिसत नाही. दर खेपेला आवक खिडकीवर शिक्का, दर खेपेला नवा क्रमांक. ते क्रमांक भीमराव वहीत लिहून ठेवायचे. त्या वर्षीची दिवाळी गेली, डिसेंबरही गेला. पंचवीस तारखेला वस्तीतल्या बायका पांढऱ्या लुगड्यांत निघाल्या तेव्हा विमलाबाईंनी खिडकी लावून घेतली आणि दिवसभर मोठ्या आवाजात रेडिओ ऐकला. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी ऊस लागवडीची माहिती चालू होती.

जानेवारीत उत्तर आलं. पाकिटावर टाइप केलेलं होतं, 'श्री. भीमराव ओव्हाळ (अपंग)'. आत एकच ओळ, 'आपल्या अपंगत्वाचा दाखला जोडावा.'

या कंसानं भीमरावांना जे दुःख झालं ते सांगून कळायचं नाही. पोस्टमन पाकीट देताना त्यांच्या पायांकडे बघून गेला. वाण्याकडे गेले तर वाण्यानं स्टूल पुढं केलं. तेहतीस वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा न घेतलेला माणूस, आणि आता सरकारदरबारी कंसात.

"तुम्हाला दोन दिवस कंसात बसवलं तर इतकं लागलं," विमलाबाई म्हणाल्या. "बसा इकडं. अर्ज मी करते. दाखला माझ्याकडं आहे."

श्यामसुंदररावांनी लगेच नवा मसुदा आणला. विमलाबाईंनी तो चैतालीकडून वाचून घेतला आणि विचारलं, "यात मी कुठं आहे?"

"तिसऱ्या पानावर, वहिनी."

"मला पहिल्यावर घ्या. आणि बाकीची पानं नकोत."

शेवटी अर्ज तीन ओळींचा गेला. 'मला एक पाय आहे. तुमच्या स्टेशनला चौदा पायऱ्या आहेत. काय करता ते कळवा.' खाली सही, विमलाबाई ओव्हाळ. श्यामसुंदररावांनी तो वाचून डोळे मिटले. "याला उत्तर आलं," ते म्हणाले, "तर मी पेन्शन परत करीन."

पंधरा दिवसांत उत्तर आलं. पेन्शनचा विषय कुणी काढला नाही.

उत्तरात लिहिलं होतं, की पिंपळमळा स्टेशनवर अपंग प्रवासी येतात अशी कार्यालयाकडे नोंद नाही. तरी अमुक तारखेला सकाळी दहा वाजता एक निरीक्षक येऊन पाहणी करतील आणि किती अपंग प्रवासी स्टेशनचा वापर करतात ते मोजतील.

"वापर करतीलच कसे?" चैताली चिडून म्हणाली. "पायऱ्या आहेत म्हणून येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून पायऱ्या! पप्पा, हे लूपमध्ये गेलेत!"

लूप म्हणजे काय हे भीमरावांनी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच शब्द बसला होता, मोजतील. मोजणार असतील तर मोजायला माणसं हवीत. ते तडक धोंडिबांकडे गेले. आणि इथंच सगळं बिघडलं. म्हणजे त्या वेळी वाटलं की इथंच सगळं जमलं.

धोंडिबांच्या मंडळाबद्दल सांगायलाच हवं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला हजारो माणसं रस्त्यावर उतरायची, पण कुणाच्या पायावर पाय पडत नसे. निळी टोपी, छातीला बिल्ला, धोंडिबांची शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे पाणी वाटा. ही शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली होती. असल्या मंडळाला कुणी सांगितलं, की अमुक तारखेला स्टेशनवर अपंग बंधुभगिनी जमवायचे आहेत, तर ते काय करणार?

त्यांनी सतरा जण जमवले. विश्रांतवाडी, धानोरी, येरवडा, जिथं जिथं कळलं तिथून. कुणाला पोलिओ, कुणाला अपघात, एक निवृत्त हवालदार दोन्ही डोळ्यांनी अंध, एक मास्तरीणबाई कुबड्यांवर. सकाळी नऊला स्टेशनसमोर मांडव नव्हता इतकंच, बाकी सगळं होतं. पाण्याचं पिंप, चहा, खुर्च्या, आणि चाळीस स्वयंसेवक. भीमरावांना 'मुख्य संयोजक' असा बिल्ला लावला. कंसाचं दुःख त्या बिल्ल्यानं बरंच हलकं झालं.

दहाला निरीक्षक आले. ते थेट वर जाऊन फलाटावर उभे राहिले, हातात फळी, फळीवर छापील कागद. धोंडिबांनी दोन शिट्ट्या मारल्या.

पुढं जे झालं ते बघण्यासारखं होतं. चौघांचा एक गट, असे दहा गट. एक गट वर, एक गट खाली, मधे कुणी कुणाला अडवत नाही. पोलिओवाली पोरगी फुलासारखी उचलली, हवालदारांना हाताला धरून पायरी मोजत नेलं, मास्तरीणबाई नको नको म्हणत असताना फलाटावर पोचल्या आणि त्यांच्या हातात चहाचा कपही आला. अकरा मिनिटांत सतरा माणसं. भीमराव अभिमानानं घामाघूम झाले.

निरीक्षकांनी घड्याळ बघितलं, कागद बघितला आणि खरोखर भारावून म्हणाले, "मी इतकी वर्षं पाहणी करतोय. अशी व्यवस्था कुठं बघितली नाही."

"मंडळाची पद्धत आहे साहेब," धोंडिबा लाजून म्हणाले.

निरीक्षक लिहायला लागले. चैताली त्यांच्या खांद्यावरून वाचत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता. रकाना सहा, फलाटापर्यंत पोचलेले अपंग प्रवासी, सतरा. रकाना सात, पोचू न शकलेले, शून्य. शेरा, 'प्रवाशांना फलाटावर पोचण्यास कोणतीही अडचण आढळून आली नाही. प्रत्येकी सुमारे चाळीस सेकंद लागले. उताराची आवश्यकता दिसत नाही.'

"अहो साहेब, पण ते आम्ही उचललं!" भीमराव ओरडले.

"हो, बघितलं ना. उत्तम उचललंत."

"पण रोज कोण उचलणार?"

"ते या कागदात नाही." त्यांचा आवाज वाईट नव्हता. "माझं काम पोचले की नाही एवढंच. सतरापैकी सतरा पोचले. मी खोटं कसं लिहू?"

धोंडिबांनी शिट्टी तोंडात धरली होती, ती तशीच राहिली. श्यामसुंदरराव तिथं होतेच. ते हळूच म्हणाले, "मी आयुष्यभर अर्ज फेटाळले. पण अर्जदारानं स्वतः चाळीस माणसं लावून फेटाळलेला हा पहिलाच."

भीमरावांनी बिल्ला काढून खिशात ठेवला. ज्याच्यासाठी वर्षभर चपला झिजवल्या ते त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा मिनिटांत बुडवलं होतं. घरी जाऊन विमलला काय सांगायचं, असं मनात आलं, आणि तेव्हा त्यांना वाटलं, अरे, विमल कुठं आहे?

धोंडिबांना वाटलं होतं भीमराव आणतील. भीमरावांना वाटलं होतं धोंडिबा आणतील. निरीक्षक पायऱ्या उतरायला लागले आणि त्यांच्यामागं हे सगळे धावले.

विमलाबाई पहिल्या पायरीसमोर खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर मेथीची जुडी, अर्धी निवडून झालेली. दोन स्वयंसेवक तीन हात लांब उभे होते, कारण विमलाबाईंची छत्री तिथवर पोचत होती.

"आजी," निरीक्षक म्हणाले, "वर सगळं आटोपलं. तुम्ही आला नाहीत?"

"आले की. पाव तास झाला." त्यांनी एक काडी खुडली. "मी इथवर आले. इथनं पुढं तुमचं काम. म्हटलं, येतंय का बघू."

धोंडिबांचा हात शिट्टीकडे गेला. "ताई, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पोरं बोलावतो."

"धोंडिबा! शिट्टी खाली ठेव!" भीमराव गरजले. लग्नानंतर त्यांचा असा आवाज विमलाबाईंनीही ऐकला नव्हता. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे जरा कौतुकानं बघितलं.

निरीक्षक घोटाळ्यात पडले. "पण आजी, उचलायला माणसं आहेत ना?"

"आहेत. चांगली आहेत, माझ्या हाताखाली वाढलीत. पण मी उचलू देत नाही. साहेब, तुम्हाला कुणी रोज उचलून हापिसात नेऊन ठेवलं तर चालेल?"

निरीक्षकांनी यावर विचार केलेला दिसला.

"तुमच्या कागदात विचारलंय का, की उचललेलं त्या माणसाला चाललं का? नसेल विचारलं तर राहू द्या. मी पोचले नाही, एवढं तर खरं ना? मग खोटं लिहू नका."

निरीक्षक तिसऱ्या पायरीवर बसले. फळी गुडघ्यावर घेतली, सातव्या रकान्यातलं शून्य खोडलं आणि तिथं एक लिहिला. मग खालचा शेराही खोडला.

"खाडाखोड केलीत, शेजारी सही करा," श्यामसुंदरराव वरच्या पायरीवरून म्हणाले. "दोन्हीकडं. नाहीतर ऑडिटवाले शून्यच धरतील."

सह्या झाल्या.

"एकानं काय होणार साहेब?" भीमरावांनी विचारलं.

"शून्यावर फाइल बंद करता येते," निरीक्षक उठत म्हणाले. "एकावर नाही येत. कुणीतरी विचारतो, हा एक कोण." आणि जाता जाता त्यांनी मेथीकडे बघून विचारलं, "ताजी दिसते. कुठं मिळाली?"

फाइल बंद झाली नाही. हा एक कोण, असं खरोखर कुणीतरी विचारलं, मग दुसऱ्यानं विचारलं, आणि विचारता विचारता सप्टेंबरात स्टेशनसमोर खडी येऊन पडली. भीमराव रोज डबा घेऊन तिथं जायचे. मुकादम त्यांना आधी साहेब समजला, मग वेडा, आणि शेवटी टेप धरायला बोलवायला लागला. उतार दोन वळणांचा झाला. लांबी साडेएक्याण्णव फूट आणि दोन इंच. ते दोन इंच भीमरावांनी मोठ्या मनानं सोडून दिले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उतार तयार झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले गेले. स्कूटरवाले वर चढू नयेत म्हणून. दोन खांबांत अंतर अठरा इंच. खुर्ची पंचवीस इंचांची. भीमरावांनी टेप लावला, पुन्हा लावला, आणि तिथंच बसले.

कार्यालयात विचारलं तर कळलं, की खांब वेगळ्या खात्याचे. त्यांचा अर्ज वेगळा.

स्टेशन मास्तर हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "ओव्हाळसाहेब, बारा ते साडेबारा गाडी नसते. मी तेव्हा आतल्या खोलीत रजिस्टर लिहितो. लिहिताना मला बाहेरचं काही दिसत नाही." भर दुपारी भीमराव पाने आणि आटे पाडायची हत्यारं घेऊन गेले. त्यांनी मधला खांब उपटून टाकला नाही. ती त्यांची पद्धत नव्हती. त्याच्या बुडाला आटे पाडले, जमिनीत चकती बसवली, आणि खांब असा केला की फिरवला की निघतो, फिरवला की बसतो. स्कूटरही अडते, खुर्चीही जाते. त्यांच्या हातून झालेलं ते शेवटचं लोखंडकाम, आणि तेच सगळ्यांत सुबक.

विमलाबाई बावीस तारखेला पहिल्यांदा उतारावरून गेल्या. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, पहिल्या वळणावर दम खाऊन, दुसऱ्यावर न खाता. भीमराव मागून दोन्ही हात पुढं धरून चालत होते, पण खुर्चीला लावत नव्हते. फलाटावर पोचल्यावर विमलाबाईंनी रुळांकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "लोणावळ्याची गाडी पलीकडच्या फलाटावर लागते ना?"

भीमरावांनी पलीकडे बघितलं. पलीकडच्या फलाटाला जायला पूल होता. पुलाला अठ्ठावीस पायऱ्या. दीड वर्षं सगळे उताराच्या मागं होते. भीमराव, श्यामसुंदरराव, संगणकातली चैताली, निरीक्षक, मुकादम, पण एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की या फलाटावरून गाडी फक्त पुण्याकडे जाते. देहूरोडच्या बरोबर उलट दिशेला.

"मी आजच अर्ज..." भीमराव खाली बसत म्हणाले.

"थांबा हो. ही पुण्याला जाते. तिथं गेल्यावर काय करते?"

"काय करणार? पुढं रूळ असले तरी ही लोकल तिथंच संपते. थोडा वेळ उभी राहते आणि उलटी निघते. लोणावळ्याला."

"तीच गाडी?"

"तीच."

"मग मी उतरतेच कशाला?"

पंचवीस डिसेंबर, एकोणीसशे नव्व्याण्णव. त्या वर्षी लोक नव्या शतकात सगळे संगणक बंद पडतील म्हणून काळजीत होते आणि चैतालीची रजा कंपनीनं दोनदा नाकारून तिसऱ्यांदा दिली होती. सकाळी पांढरं लुगडं नेसून विमलाबाई उतार चढल्या. पुण्याकडची लोकल आली. मास्तरनं त्या दिवशी हिरवा झेंडा जरा उशिरा दाखवला. विमलाबाई डब्याच्या दारातला दांडा धरून एका पायावर उभ्या राहिल्या, अंग आत झोकलं आणि बाकावर बसल्या. चैतालीनं खुर्ची घडी करून आत घेतली. भीमराव शेजारच्या पुरुषांच्या डब्यात.

पुण्याला गाडी रिकामी झाली. वीस मिनिटं ती तशीच उभी होती. अख्ख्या डब्यात मायलेकी दोघीच. बाहेर चहावाले ओरडत होते, ऊन तिरपं होऊन बाकांवर पडलं होतं. विमलाबाईंनी चारदा जागा बदलून बघितली. खिडकी, दार, उलटी बाजू, सुलटी बाजू.

"आई, काय चाललंय?"

"चार वर्षांचं बसून घेते."

मग माणसं चढायला लागली. मोठी गर्दी, सणाचीच गर्दी होती. गाडी निघाली. आणि चैतालीनं बघितलं, तर आई खिडकीशी बसून समोरासमोरच्या दोन बाकांवर वस्तू मांडत होती. एकीकडे पाण्याची बाटली, एकीकडे भाकरीचं फडकं, शाल, चपलेचा एकच जोड, म्हणजे एकच चप्पल, छत्री आडवी. कुणी बसायला आलं की म्हणायची, "बाई, माणसं यायचीत."

पिंपळमळा आलं. पलीकडच्या फलाटावर वस्तीतल्या बायका उभ्या होत्या, दहा-बारा जणी, पांढऱ्या लुगड्यांत, अठ्ठावीस पायऱ्या चढून-उतरून दमलेल्या. खच्चून भरलेला डबा बघून त्यांचे चेहरे उतरले. म्हाताऱ्या आनंदीबाई म्हणाल्या, "झालं. आता देहूरोडपर्यंत उभं राहा."

तेवढ्यात खिडकीतून एक हात बाहेर आला.

"अगं, उभ्या काय राहताय? वर या लवकर," विमलाबाई ओरडल्या, आणि बाकावरची छत्री उचलून त्यांनी जागा मोकळी केली. "कधीपासून धरून बसलेय!"